तेवीस खाचांची तलवार

ऐका मुलांनो, आणि मुलांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हीही. पुष्कळ पुष्कळ वर्षांमागे एका डोंगरी राज्यात एक सरदार राहत होता. मनाने चांगला, पण बोलायला लागला की त्याला आवर नसे. त्याच्या देवघरात पणजोबांची तलवार होती. गडाच्या दरवाज्यापुढे झालेल्या लढाईत हिने किती शत्रू कापले, याचा आकडा आजोबा पन्नास सांगत. वडिलांनी त्याचे शंभर केले. याने तो दीडशेवर नेऊन ठेवला.

त्या दरवाज्याची राखण पिढ्यान्‌पिढ्या याच घराकडे होती. पण वडील वारले आणि राजाने दवंडी पिटवली, की खंडेनवमीला सगळ्या घराण्यांनी आपली शस्त्रे दरबारात पूजेला आणावीत. ज्या तलवारीची कामगिरी मोठी, त्या घराला दरवाजा मिळेल. रीत अशी होती, की शस्त्रावर तळवा ठेवून सगळ्यांनी खरे तेच बोलायचे.

घरी पूजा नेहमी म्यानावरच होई. त्यामुळे सरदाराने पाते पाहिले ते आयुष्यात पहिल्यांदाच, आणि त्याचा चेहरा पडला. धारेवर खाचाच खाचा होत्या. तो तडक म्हाताऱ्या शिकलगाराकडे गेला. गडावरच्या शस्त्रांना धार लागायची ती याच्याच हातांनी.

"बाबा, एवढ्या खाचा घालवून द्या. दरबारात शोभा होईल माझी."

म्हाताऱ्याने पाते उन्हात धरले आणि अंगठ्याचे नख धारेवरून हळूहळू फिरवले. मग पुन्हा फिरवले.

"घासून देतो की सरकार. पर आधी ऐका. वार करनाऱ्याची धार शेंड्याकडं झिजती. हितं शेंडा कोराच हाय. खाचा तेवीस, आन्‌ समद्या मुठीजवळ. हितं मानूस मारत न्हाई, दुसऱ्याचा वार झेलतो."

"सगळ्या खाचा झेललेल्या वारांच्या?"

"समद्या. आन्‌ समद्या एकाच बाजूला तिरप्या. मागं सरनाऱ्याच्या वाकड्यातिकड्या पडत्यात. ह्यो गडी जागचा हलला न्हाई."

सरदाराने पाते आपल्या हातात घेतले. लढाईच्या त्या दिवशी पायथ्याचे सारे गाव जीव मुठीत धरून त्या दरवाज्यातून आत शिरत होते, हे त्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक होते. पण आकडा सांगण्याच्या भरात ते सांगायचेच राहून जाई. त्याने एकेका खाचेवर बोट ठेवले. तेवीस वेळा मरण इथवर आले होते आणि इथूनच परत गेले होते. एवढ्या मोठ्या माणसाला आपण तीन पिढ्या खाटीक करून ठेवले, याची त्याला फार लाज वाटली. तलवार न घासताच त्याने म्यानात घातली.

दरबारात कुणी चाळीस सांगितले, कुणी सत्तर. सरदाराची पाळी आली. दीडशे हा शब्द जिभेवर तयारच होता. त्याने पात्यावर तळवा ठेवला आणि तो शब्द गिळून टाकला.

"महाराज, हिने कुणाला मारले की नाही, मला ठाऊक नाही. हिने तेवीस वार झेलले. तेवढ्या वेळात आपले लोक आत आले."

मागे कुणीतरी फिसकन हसले. दरवाजा आता हातचा गेला, हे सरदाराला कळले.

तेवढ्यात पाणी भरणारी एक म्हातारी कोपऱ्यातून उठली. "त्यात माझी आजी हुती," ती म्हणाली. "तिच्या कडंवर पोर हुतं."

मग कुंभार उठला. गुरव उठला. पाठोपाठ भालदार, कारकून, सत्तर सांगणाराही उठला. सारा दरबार उभा राहिला. शेवटी महाराज सिंहासनावरून खाली उतरले. त्यांची पणजी त्याच दिवशी, दिवस भरलेली, त्या दरवाज्यातून आत आली होती. त्यांनी त्या खाचांना कपाळ टेकवले आणि दरवाज्याच्या किल्ल्या सरदाराच्या हाती दिल्या.

तेव्हा एवढे लक्षात असू द्या: किती मारले यावरून शूर ठरत नाही, त्याच्या पाठीआड किती जगले यावरून ठरतो.