साक्षीला सात माणसे हवीत

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एकदा भिक्खूंना ही गोष्ट सांगितली. पूर्वी समुद्राकाठच्या मकरपट्टणात सुनंदक राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वांनी तिथल्या अमात्याच्या घरी जन्म घेतला आणि पुढे तेच पद सांभाळले. एका साली पावसाने ओढ दिली. भात पोटरीला आले आणि नदी आटली, कारण वरच्या अंगाला शिलावतीच्या उग्रबाहू राजाने तिच्यावर मोठा बांध घातला होता. शिलावतीत पाणी उदंड, पण मिठाचा खडा मिळेना; गुरे भिंती चाटत होती. मकरपट्टणात तर मिठागरे भरलेली. सुनंदक म्हणाला, "अमात्य, मीठ द्या, पाणी आणा. पौर्णिमेच्या आत पाणी सुटलं नाही तर भात गेलं म्हणून समजा."

आता हा उग्रबाहू म्हणजे भलताच तापट गृहस्थ. त्याला न रुचणारे कुणी बोलले, की तो माणूस दुसऱ्या दिवशी घरी दिसत नसे. राजवाड्यामागे जमिनीत खोदलेली कोठडी होती, तिथे दिसे.

बोधिसत्त्व शिलावतीत उतरले तोच एक बाई दाराशी येऊन उभी राहिली. "बाबा, मी उत्पला. माझा नवरा हरितक, या बांधाचा पाटकरी. पाणी सोडायचं, बांधाची राखण करायची, हे त्याचं काम. बांध झिरपतोय एवढंच तो दरबारात बोलला. आठ महिने झाले, कोठडीत आहे. तुमच्या बोलण्यात त्याचं नाव निघेल का?"

बरोबर आलेला मिठाचा व्यापारी भद्रिक घाईघाईने म्हणाला, "अमात्य, हे लचांड मध्ये नको. पाणी घेऊ आणि गुमान घरी जाऊ." रक्षकांचा नायक उसळला, "असल्या राजाच्या उंबऱ्यात पाऊलच ठेवू नये. चला माघारी!"

बोधिसत्त्वांनी दोघांचेही ऐकले. माघारी गेलो तर हरितक कोठडीतच राहील, आणि गप्प बसून करार केला तरी राहील, हे त्यांना दिसत होते. ते उत्पलेला म्हणाले, "बाई, तो सुटेलच असं वचन मी देत नाही. पण त्याला विसरून करार करणार नाही."

दुसऱ्या दिवशी सभा भरली. उग्रबाहूने करार लिहूनच ठेवला होता. बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, आमच्याकडे कराराला दोन्ही बाजूंचे सात सात साक्षीदार लागतात. प्रत्येकाने आधी आपल्याच राजाला न रुचणारी एक गोष्ट भर सभेत सांगायची. ती सांगता आली तरच त्याची साक्ष धरतात."

"असली कसली रीत?" उग्रबाहू म्हणाला.

मग बोधिसत्त्वांबरोबर आलेले मकरपट्टणचे सात जण एकेक करून उठले. एक म्हणाला, "आमचे महाराज सभेत डुलक्या घेतात." दुसरा म्हणाला, "महाराज गातात, आणि आम्हाला ते ऐकावं लागतं." तिसऱ्याने सांगितले, की राणीच्या भावाला दिलेले कोठार चुकीच्या हाती गेले आहे. सभेत हशा पिकला. उग्रबाहूही मिशीत हसला आणि म्हणाला, "बघा आता आमचे!"

त्याचा प्रधान उठला. राजाच्या तोंडाकडे बघत, घाम पुसत म्हणाला, "महाराज, आपला मोठा दोष म्हणजे आपण प्रजेसाठी फार झिजता." दुसरा म्हणाला, "आपण स्वतःच्या रूपाकडे मुळीच लक्ष देत नाही." तिसऱ्याला तर शब्दच फुटेना. अरे देवा, काय ती केविलवाणी माणसे!

"हे चालायचं नाही," बोधिसत्त्व शांतपणे म्हणाले.

उग्रबाहूने त्यांना बाजूला घेऊन रत्नांचा हार पुढे केला. "ही रीत एवढी सोडून द्या. पाणी दुप्पट देतो, आणि हा तुमचा."

पौर्णिमा तीन दिवसांवर आली होती. दुप्पट पाणी! बोधिसत्त्वांच्या डोळ्यांपुढे सुकलेली शेते आली आणि त्यांचा जीव तुटला. तरी त्यांनी हार परत दिला. "महाराज, उद्या बांधाला तडा गेला तर मला कोण कळवणार? ही माणसं? ती आधी तुमचं तोंड बघतील, तोवर दोन्ही राज्यं वाहून जातील."

"खरं बोलणारे माझ्याकडे आहेत, पण ते सगळे कोठडीत आहेत!" उग्रबाहू संतापला. "आणि परक्याने माझ्या कोठडीत डोकावायचं कारण नाही."

"मी डोकावत नाही. मी साक्षीदार मागतो आहे, आणि त्यांत पहिला हरितक पाटकरी. आज साक्ष देतील तेच सात जण दर वर्षी धडधाकट समोर यावेत आणि पुन्हा बोलावेत. मग मिठाच्या गाड्या सुटतील."

 शेवटी उग्रबाहूने हात हलवला आणि शिपायांनी हरितकाला कोठडीतून सभेत आणले. उन्हाने त्याचे डोळे मिटत होते. तो म्हणाला, "महाराज, पूर्वेच्या अंगाने बांध झिरपतोय. तेव्हाही हेच सांगत होतो."

राजाचा हात तलवारीकडे गेला. बोधिसत्त्व हरितकाच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "महाराज, आधी बघून तर या."

राजा तणतणत बांधावर गेला. पूर्वेच्या बाजूला त्याने पाय ठेवला तो गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला. त्याने प्रधानाकडे पाहिले. "तुला ठाऊक होतं?"

"होतं, महाराज. भीती वाटली."

उग्रबाहू चिखलात तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "आणखी सहा जणांना वर काढा."

त्याच दिवशी बांधाच्या डागडुजीला माणसे लागली, पाणी सुटले आणि भात वाचले. सगळी कोठडी काही एकदम रिकामी झाली नाही. पहिल्या साली सात सुटले. पुढच्या साली बोधिसत्त्वांनी चौदा साक्षीदार मागितले, आणि मीठही त्या मानाने वाढवून दिले. उग्रबाहू कुरकुरला, पण चौदा आले.

त्या सभेत उत्पलाही साक्षीला उभी राहिली. म्हणाली, "महाराज, माझा नवरा परत दिलात, बरं केलंत. पण नेलात कशाला?"

 राजा आसनावरून उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि तो म्हणाला, "चुकलो, बाई."

एवढे सांगून शास्ते भिक्खूंना म्हणाले, "तो उग्रबाहू म्हणजे मागच्या रांगेत बसलेला हा गावप्रमुख दंडक. हरितक म्हणजे भिक्खू सुवीर, उत्पला म्हणजे उपासिका विशोका. भद्रिक आणि नायक म्हणजे, दंडकाच्या दारी भिक्षेला जावे की नाही यावरून आज सकाळी भांडणारे तुम्ही दोघे. आणि अमात्य तो मीच. कठोर माणसाच्या दारी जावे, त्याच्याशी बोलावे. पण त्याच्या बंदिवानाला विसरून उठू नये. ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता."

ते दोघे भिक्खू ओशाळून हसले, आणि भिक्षापात्रे घेऊन दंडकाच्या घराकडे निघाले.