सुकवारोचा डोह

पिपरझरी गावाच्या खालच्या अंगाला सोनकी नाल्यात एक लहानसा डोह आहे. उन्हाळ्यात सगळा नाला आटून नुसता वाळूचा पट्टा उरतो, पण या डोहात माणसाच्या छातीइतकं पाणी असतंच. डोहाच्या दोन्ही काठांवर कित्येक पिढ्या सोन्यासाठी खोदत आल्या आहेत. तरी काठ असा सपाट की रिकामी बैलगाडी खडखड न करता निघून जावी. नवख्या माणसाला तिथं कधी कुणी कुदळ मारली असेल, हे पटत नाही.

अलीकडे रविवारी नागपूरकडची हौशी मंडळी इथं येतात. कानाला हेडफोन, हातात मेटल डिटेक्टर, पाठीवर डबा. मशीन ओरडलं की खणायचं. बहुतेक वेळा बाटलीची झाकणं निघतात, नाहीतर बैलाच्या खुराला ठोकलेल्या पत्रीचे खिळे. गव्हाच्या दाण्याएवढं सोनं मिळालं तर वर्षभर सांगायला पुरतं, आणि नाही मिळालं तरी मंडळी खुशीतच घरी जातात. त्यांना काठ दाखवायला गावातले बिसनआजा येतात. ते सोनझरी समाजातले. वाळू धुऊन सोन्याचे कण काढण्यातच त्यांचा जन्म गेला. "तुमचं मशीन ओरडते लय, सांगते कमी," अशी ते चेष्टा करतात. पण पहिला खड्डा पडायच्या आधी सगळ्यांना डोहापाशी बसवून ही हकिकत सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

फार पूर्वी, म्हणे, या काठावर एक नियम होता. ज्याने खड्डा खणला त्याचाच तो, आणि जोवर तो उघडा आहे तोवर दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही, बुजवायचासुद्धा नाही. घरटी एखाददुसरा खड्डा असे, त्यामुळे कुणाचं काही अडत नसे.

त्या काळी गावात इतवारी नावाचा सोनझरी होता. वाळूत टाच रुतवली की खाली सोनं धरणारी जड काळी रेती आहे की नाही, हे त्याला कळे, असं सांगतात. एका वर्षी त्याची बायको सुकवारो तापाने अंथरुणाला खिळली. आठवडा झाला तरी ती डोळे उघडेना. तेव्हा इतवारी गावच्या मोहाच्या झाडाखालच्या देवीला नवस बोलला, हिला उठव, तुझ्या डोक्यावर सोन्याचं छत्र चढवीन. दुसऱ्या दिवशी सुकवारोने पेज मागितली.

नवस बोलताना त्याने हिशेब केला नव्हता. दिवसभर पाण्यात वाकून वाळू धुवायची लाकडी पाटी हलवली तर नाचणीच्या दाण्याएवढं सोनं हाती लागे. तळहाताएवढं छत्र करायचं तरी जन्म गेला असता. आणि उशीर झाला तर देवी दिलेलं परत घेईल, ही धास्ती त्याच्या मनात बसली. रात्रंदिवस त्याला तेच दिसे. शेवटी त्याला एक युक्ती सुचली. टाच जिथं जिथं हो म्हणाली तिथं तिथं त्याने खड्डा खणून ठेवला. महिनाभरात दोन्ही काठांवर नव्वद खड्डे झाले.

लोक आधी हसले. इतवारीने घुशींशी सोयरीक केली म्हणाले. मग हसणं थांबलं, कारण पाटी टेकवायला कुठं जागाच उरली नाही. तरी कुणी नियम मोडला नाही, कुणी भांडलं नाही. एकेक घर बोचकं बांधून दुसऱ्या नाल्याकडे निघालं. शेजारीण आपल्या कोंबड्या सांभाळायला म्हणून सुकवारोकडे ठेवून गेली. तापात हिनेच सुकवारोला चमच्याने पेज पाजली होती. जाताना ती एक शब्द वावगा बोलली नाही.

सुकवारो उठली आणि तडक नाल्यावर गेली. सगळ्यात खोल खड्डा पाहून ती त्यात उतरली आणि मांडी घालून बसली.

"अजी," ती नवऱ्याला म्हणाली, "उघड्या खड्ड्यातलं खणणाऱ्याचं ना? मंग मी बी तुमचीच हाव. बाकीचे समदे बुजवा, मंगच मी वर येईन."

इतवारीने समजावलं, हे सगळं तुझ्याच जिवासाठी चाललंय.

"माझा जीव देवीनं देल्ला. शेजारच्या चुली तिनं मांगितल्या का?"

इतवारी रुसून पाटी घेऊन पलीकडे गेला. भर चैत्र होता, नाला कोरडा पडत आला होता. तरी दुपारी त्या खड्ड्याच्या तळाशी पाझर फुटला. पाणी सुकवारोच्या मांडीला लागलं, मग कमरेला. ते पाहून इतवारी धावत आला. हात धरून ओढलं तरी ती हलेना. तेव्हा तो हातापायांनी वाळू लोटत सुटला. बारा खड्डे बुजले आणि त्याचा दम संपला. आजारातून उठलेल्या सुकवारोचे दात वाजू लागले होते.

गावात उरलेली माणसं फावडी घेऊन काठावर जमली, पण हात कसा लावणार? त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी जुगनीबाई म्हणाली, "बापा, तू फकत मोकळे म्हण. बाकी आमी पाहतो."

तेवढा एकच शब्द होता. पण तो उच्चारला की खड्डे त्याचे राहणार नव्हते, त्यातलं सोनंही नाही, आणि नवस कायमचा बुडणार होता. देवी रागावली तर सुकवारो जाणार, आणि गप्प राहिलं तर हे पाणी तिला नेणार. इतवारी दोन्ही मुठींत वाळू धरून उभा राहिला. पाणी तिच्या छातीला लागलं.

"मोकळे," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की जुगनीबाईने पुन्हा म्हणायला लावलं.

मग सगळे तुटून पडले. चुलीवर भात शिजायला लागतो तेवढ्या वेळात काठ सपाट झाला, असं सांगतात. सुकवारो नवऱ्याच्या दंडाला धरून वर आली आणि ओलं लुगडं पिळत म्हणाली, "आता सैपाक कोन करन?" तिचा तो खड्डा मात्र बुजेना. जेवढी वाळू टाकावी तेवढं पाणी वर येई. म्हणून लोकांनी तो तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी इतवारीने पळसाची पानं काडीने टाचून छत्र केलं आणि मान खाली घालून देवीवर ठेवलं. एवढंच जमलं, म्हणाला. मग दिवसभर तो बायकोच्या कपाळाला हात लावून ताप पाहत राहिला, इतका की ती वैतागली. संध्याकाळी ती दोनदा भात वाढून घेऊन जेवली, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. चैत्राच्या उन्हात पळसाचं पान दोन दिवसांत पापडासारखं होतं. ते छत्र, म्हणे, वैशाख सरेपर्यंत हिरवंगार होतं. निरोप गेला तशी गेलेली घरं परत आली. शेजारणीने कोंबड्या मागितल्या तर सोबत नऊ पिल्लंही मिळाली.

आजही मोहाखालच्या देवीवर पानांचंच छत्र चढतं. कुणी सोन्याचं करू म्हटलं तर गाव नको म्हणतं. आणि आजही सोनकीच्या काठावर खणणारा, मग तो पाटीवाला असो की मशीनवाला, निघायच्या आधी आपला खड्डा बुजवतो, त्यावर तळहात टेकवतो आणि "मोकळा" म्हणतो. हात टेकलेला असताना कधीकधी दुसऱ्या हातातलं मशीन त्याच जागेवर अजून ओरडत असतं. माणूस जरा थांबतो, हसतो, आणि बटण बंद करून घरी जातो.