शांतवनबाबा आणि मुठीचा डबा

आधीच सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे! शपथा वाहू नका असं बायबलच्या वचनात लिहिलंय, म्हणून एकदाच वाहते, पण मोठ्यानं: खरं, खरं, अगदी खरं! कुणाला पटत नसेल तर त्यानं खुशाल कान बंद करावेत. गोष्ट काही थांबायची नाही.

तर नगरच्या पूर्वेला निंबोणी नावाचं गाव. गावाला मिशनचा दवाखाना, दवाखान्याला लागून ख्रिस्ती मंडळींचं देऊळ, आणि देवळामागच्या खोलीत शांतवनबाबा राहायचे. डोक्याला फेटा, अंगात बंडी, हातात एकतारी. शिक्षण म्हणाल तर मराठी चौथी. पण बाबा प्रभूचं भजन गायला लागले की विहिरीचं पाणी ऐकायला दोन हात वर यायचं. बायका तेवढ्यात घागरी बुडवून घ्यायच्या!

ह्या दवाखान्यात नर्स व्हायला एक मुलगी आली, पार मिझोरामच्या डोंगरातली. नाव लालरिनपुई. ते काही गावाच्या तोंडात बसेना, म्हणून सगळे तिला रिनी म्हणायला लागले. तिच्या गावातून शिकायला बाहेर पडलेली ती पहिलीच.

आणि काय सांगू, बिचारीला आल्यापासून काहीच कळेना! तिच्या गावी देवळात ढोल वाजला की म्हातारेकोतारेसुद्धा उठून नाचतात. इथं पहिल्याच रविवारी ढोलकीवर थाप पडली, रिनी उठली आणि डोलायला लागली. मागून कुणीतरी पदर ओढून तिला सतरंजीवर बसवलं. गाणं तर आनंदाचं, मग पाय मुडपून का गायचं? विचारणार कुणाला? मराठी ती शिकली पेशंट लोकांकडून, म्हणजे सगळी वॉर्डातली. "कुठं दुखतं?" "कूस बदला." "घाबरू नका." भाजीवालीनं भाव जास्त सांगितला की ही तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायची, "घाबरू नका, आता कमी होईल." भाजीवाली गोंधळून खरंच कमी करायची!

आता खरी गोष्ट. रिनीच्या गावी एक रीत होती. चूल पेटली की मोजून घेतलेल्या तांदळातली एक मूठ आधी देवाची म्हणून बाजूला काढायची. रविवारी त्या मुठी देवळात जमा व्हायच्या. घरोघरच्या आयांनी काढलेल्या त्या मुठींवरच तर गावानं रिनीला इतक्या लांब शिकायला पाठवलं होतं.

तिसऱ्या वर्षाच्या मुलींना मेसमध्ये स्वयंपाकाची पाळी असायची. रिनीची पाळी आली की तिचा हात आपसूक एक मूठ बाजूला काढायचा. तांदूळ असो, बाजरी असो, डाळ असो. तेवढं ती स्वतःच्या ताटात कमी वाढून घ्यायची. मूठ जायची पत्र्याच्या डब्यात आणि डबा खाटेखाली. कुणीतरी गोळा करायला येईल म्हणून ती वाट बघायची. महिने गेले, कुणीच येईना. तिला वाटलं, इकडे वर्षातून एकदाच नेत असतील.

आले कोण? मेट्रनबाई आल्या! सालोमीबाई हिवाळे. बाई कामाला चोख, पण ताठा असा की पंख्याखालीसुद्धा पदर हलत नसे. "आमच्या घराण्यात चार पिढ्या ख्रिस्ती आहेत," हे त्या दिवसातून चार वेळा सांगायच्या, एका पिढीला एकदा.

एका शनिवारी खाटा तपासताना त्यांच्या पायाला डबा लागला. झाकण काढलं तर आत तांदूळ, बाजरी, डाळ, सगळं एकत्र.

"हे काय गं?"

"देवाचं जेवण, बाई."

"देव काय मेसला जेवायला येतो?"

"नाही आला," रिनी म्हणाली. "वाट बघते."

मुली फिदीफिदी हसल्या. हिवाळेबाईंचा चेहरा मात्र लाल झाला. "वर देवाचं नाव घेतेस? ह्याला आमच्यात चोरी म्हणतात. नाच काय, मुठी काय! ही कुठली ख्रिस्ती रीत? आज तीनच्या मोटारीनं घरी जायचं. पेटी भर!"

चोरी हा शब्द रिनीला ठाऊक होता. वॉर्डात चपला जायच्या, तेव्हा ऐकलेला. पण तिच्या डोक्यात काही शिरेना. तिच्या गावी मूठ काढली नाही तर ती चोरी, देवाची. इथं काढली तर चोरी? परीक्षा तीन महिन्यांवर आलेली. गावातल्या सगळ्या आया वेशीवर येऊन उभ्या राहतील, त्यांना ती काय सांगणार? तुमची मूठ इथं चोरीत धरली म्हणून?

ती पेटी भरायला बसली आणि भरलेले कपडे पुन्हा बाहेर काढत राहिली.

गलका ऐकून बाबा आले. "सलाम, सालोमी. पोरीनं काय नेलं?"

"मूठमूठ करून डबाभर धान्य, बाबा. मेसचं. म्हणजे माझ्या ताब्यातलं."

"मग तुझं तू घे की परत," बाबा म्हणाले. "डबा उचल आणि कोठीत ओत. पोरीला जायचंच असेल, तर तुझं काही तिच्याकडे राहायला नको."

रिनीनं बाबांकडे पाहिलं. हे आपल्या बाजूनं बोलतायत की त्यांच्या, तेच तिला उमगेना. बाबांनी हळूच डोळा मिचकावला. ह्याचा अर्थ इकडे काय होतो, तेही तिला कुणी शिकवलं नव्हतं.

सगळी वरात कोठीकडे निघाली. हिवाळेबाई दोन पायऱ्या उतरून आत शिरल्या, रिकाम्या कणगीवर डबा उपडा केला आणि म्हणाल्या, "हे बघा, आलं सगळं जागेवर!"

तांदूळ पडले, बाजरी पडली, डाळ पडली. मग पुन्हा तांदूळ. कणगी अर्धी झाली. बाईंनी डबा हलवला. कणगी भरली, वरून धान्य सांडायला लागलं. बाईंनी डबा सरळ करून जमिनीवर ठेवला, तर तो दूध उतू जावं तसा उतू जायला लागला! झाकण लावलं, ते उडून कोनाड्यात पडलं. त्या डब्यावर बसल्या, तर धान्यानं त्यांनाच वर उचललं!

"कोण भरतंय मागून?" त्या ओरडल्या. मागं तर भिंत होती.

बघता बघता धान्य घोट्याला लागलं, मग गुडघ्याला, मग कमरेला. दाराच्या फळ्या करकरल्या आणि एक बिजागरी वाकली.

"बाबा, थांबवा हो!"

उंबऱ्यावर बसलेले बाबा म्हणाले, "मी कुठं ओततोय, सालोमी? तुझंच आहे ना?"

रिनी दारात उभी. तिच्या गावी कुठल्याच डब्यानं असं कधी केलं नव्हतं. तिला वाटलं, असेल बाई, ह्या मुलखात धान्याची रीतच अशी असेल! पण बाईंचा चेहरा पांढराफटक पडला, तो मात्र तिला ओळखता आला. घाबरलेला माणूस तिनं रोज पाहिला होता. ती धान्यात उतरली आणि ढकलत ढकलत बाईंपर्यंत पोचली.

"घाबरू नका, बाई. मूठ. आधी मूठ काढा."

"काय?"

"त्याची मूठ. मग आपलं." आणि तिनं पदर पसरला.

हिवाळेबाईंनी बाबांकडे पाहिलं. बाबा एकतारीची तार पिळत होते, जसं काही त्यांचा ह्यात संबंधच नाही. शेवटी बाईंनी एक मूठ भरली आणि रिनीच्या पदरात टाकली.

आणि सगळं थांबलं! शेवटचा दाणा पडला, त्याचा आवाजसुद्धा सगळ्यांना ऐकू आला. तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला. बरोबर तीनच्या ठोक्याला मोटार दारात हजर!

कुणीच हललं नाही. बाईंनी वाकून नमस्कार करायला हात पुढे केले, पण बाबांनी उंबऱ्यावरचे पाय आत ओढून घेतले. "माझ्या नको. मीही तुझ्यासारखाच. रीत तिनं शिकवली."

तशा त्या रिनीपुढे वाकल्या. आता रिनीच्या गावी थोरांनी धाकट्यांपुढे वाकणं म्हणजे धाकट्यांना लाज. तीही घाईनं खाली वाकली आणि दोघींची डोकी एकमेकींवर टण्णकन आपटली!

"कुठं दुखतं, बाई?" रिनीनं विचारलं. तिच्याकडे एवढीच मराठी होती.

हिवाळेबाई डोकं चोळत होत्या. मग त्यांनी हात खाली आणून छातीवर ठेवला. "इथं गं," त्या म्हणाल्या, आणि कमरेएवढ्या धान्यात उभ्या राहून रडायला लागल्या.

बाबा म्हणाले, "आपल्या घरात देवाला चार पिढ्या झाल्या, म्हणून तो दुसऱ्याच्या घरी जेवत नाही असं थोडंच आहे!"

मोटार रिकामी गेली. धान्य उपसायला दोन दिवस लागले. आजूबाजूच्या सात वाड्यांनी नेलं आणि पेशंटच्या नातेवाइकांनी महिनाभर खिचडी खाल्ली. रिनी तीन महिन्यांनी पास झाली. पुढे हिवाळेबाई तिला रविवारी देवळात आपल्याच शेजारी बसवायच्या, आणि ढोलकी सुरू झाली की स्वतः सरकून तिला उभं राहायला जागा करून द्यायच्या. त्या नाचल्या नाहीत. पण मान हलायची.

आता शपथ वाहिली आहे, तर एक कबूल करायलाच हवं. एवढी एक गोष्ट मी पदरची घातली. मोटार काही तीनला आली नव्हती. ती आली साडेपाचला, आणि ड्रायव्हर म्हणाला की वाटेत पंक्चर झाली. आता गोष्टीत अडीच तास सगळ्यांना नुसतं उभं कसं ठेवायचं, तुम्हीच सांगा? बाकी धान्य कमरेपर्यंत होतं. बाई उंच होत्या हेही लक्षात घ्या.