आटलेल्या तळ्याचा राखणदार

एका माळावर एक उथळ तळे होते आणि त्या तळ्याच्या काठी एक करकोचा राहत असे. मुलांनो, ‘राहत असे’ हे शब्द गोष्टीत नेहमीच येतात, म्हणून तुम्ही त्यांच्यावरून भर्रकन पुढे जाल. इथे मात्र जरा थांबा. त्या तळ्यावर दर हिवाळ्यात करकोच्यांचा मोठा थवा उत्तरेकडून येत असे, मनसोक्त मासे खात असे आणि थंडी सरली की आल्या वाटेने परत जात असे. ते सगळे येत असत. राहत असे तो हा एकटाच, आणि ही गोष्ट त्याच फरकाची आहे.

तो मागे राहिला, तेव्हा त्याचा पंख दुखावला होता असे काही नाही. थवा निघायच्या दिवशी त्याच्या मनात एक प्रश्न आला, इतकेच. त्याने आपल्या थोरल्या भावाला विचारले, आपण गेल्यावर हे तळे काय करते? थोरला थव्याचा म्होरक्या होता आणि निघायच्या गडबडीत होता. तो म्हणाला, काय करणार, असेच असते. थव्यातल्या एकानेही तळ्याचे भरलेल्याखेरीज दुसरे रूप कधी पाहिले नव्हते, त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या. या करकोच्याला मात्र ते उत्तर पटले नाही. थवा उडाला आणि तो काठावरच उभा राहिला.

तळे मुळीच ‘असेच’ नव्हते. ऊन चढत गेले तसे पाणी काठ सोडून आत आत सरकू लागले. मागे उरलेल्या चिखलाला आधी वास आला, मग भेगा पडल्या. शेवटी बाभळीच्या सावलीत एक डबके तेवढे राहिले आणि तळ्यातले उरलेसुरले सगळे मासे त्यात येऊन दाटले. करकोच्याला वाटले, आपले नशीबच उघडले. हिवाळ्यात एका माशासाठी अर्धे तळे तुडवावे लागे, इथे तर ताट वाढून ठेवलेले होते. तो डबक्यात उतरला आणि पोटभर जेवला.

काठावर एक म्हातारा बगळा उभा होता. त्याच्या अंगावर पिसे आणि हाडे यांखेरीज फारसे काही उरले नव्हते. पलीकडे टिटवी होती, म्हैस होती. कोणी काही बोलले नाही. एरवी वाळले पान पडले तरी माळ डोक्यावर घेणारी टिटवी, तीसुद्धा गप्प होती. बगळा तेवढा अदबीने म्हणाला, “पाहुणे, पोट भरलं ना? मग आता सावलीत बसा. ऊन फार आहे.” आणि तो स्वतः किडामुंगी शोधायला भर उन्हात माळाकडे चालू लागला.

करकोचा बुचकळ्यात पडला. इतके मासे समोर असताना हा म्हातारा उन्हात कशाला जातो? त्याने म्हशीला विचारले. म्हैस स्वभावाने संथ. तिने आधी तोंडातला घास संपवला आणि मग सांगितले. शेतकरी घरात कितीही ओढाताण असली तरी बियाण्याची कणगी फोडत नाही, तसे या डबक्याचे आहे. यातले मासे म्हणजे तळ्याचे बियाणे. पाणी पुन्हा चढले की हेच मासे तळेभर पसरतात, अंडी घालतात, तेव्हा कुठे हिवाळ्यात तळे माशांनी भरते. म्हणून उन्हाळ्यात इथल्या माशाला कोणी चोच लावत नाही. कावळा येतो, मुंगूस येते, म्हणून सगळे पाळीपाळीने राखण करतात. “आणि खरं सांगू का,” म्हैस म्हणाली, “स्वतःपासूनही राखावं लागतं. भूक कोणाला सुटली आहे?”

हे ऐकून करकोच्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दर हिवाळ्यात आपण इथे जेवून जातो आणि तळ्याचे कौतुक करतो, ते जेवण म्हणजे या सगळ्यांचा उपास होता, हे त्याला त्या दिवशी कळले. त्याने म्हशीला विचारले, “मावशी, मग मी खाऊ काय?” म्हैस म्हणाली, “माझ्या मागून चल.”

दुसऱ्या दिवसापासून तो म्हशीच्या मागे चालू लागला. ती गवतात पाय टाकी, तसे नाकतोडे फुरफुर उडत आणि करकोचा ते टिपून घेई. पहिला नाकतोडा त्याच्या घशात अडकला. दुसऱ्याने जिभेला ओरखडा काढला. कुठे तो गुळगुळीत मासा आणि कुठे हा काटेरी प्राणी! पण हळूहळू त्याला सवय झाली. म्हैस माळ सोडून शेतांकडे कधी वळते, कोणत्या बांधाला सरडे असतात, वारा फिरला की नाकतोडे कुठे दडतात, हे सगळे त्याला ठाऊक झाले. पुढच्या हिवाळ्यात तळे माशांनी गजबजले तेव्हा थव्याने पाण्यात चोची मारल्या. या करकोच्याने पहिला मासा पकडला, क्षणभर चोचीत धरून ठेवला आणि मग खाल्ला. त्याच्या भावाला वाटले, एकटा राहून याचे डोके फिरले.

वर्षे गेली. करकोच्यात काही गमतीचे बदल झाले. थवा आला की त्यातला प्रत्येक जण तळ्याची तोंड भरून स्तुती करी: काय ते पाणी, काय ते ऊन, काय ती शांतता! हा मात्र कुरकुर करी. पश्चिमेचा काठ ढासळला आहे, शेवाळ माजले आहे, आणि शांतता म्हणाल तर टिटवीच्या शेजारी एक दुपार काढून पाहा. पण कोणी पाहुणा तळ्याला चुकून वाईट म्हणाला, की याच्या मानेवरची पिसे उभी राहत. तळ्याला नावे ठेवायचा हक्क फक्त आपला, असे त्याला वाटू लागले होते. पहिल्यांदाच आलेला एखादा तरुण करकोचा दोन दिवसांत तळ्याची सगळी माहिती गोळा करून ती यालाच ऐकवत असे. हा शांतपणे ऐकून घेई. त्या तरुणाने काही विचारलेच, तर म्हणे, “अजून मलाही नीट कळलेलं नाही.” खरे तर त्या सगळ्यांत तळे सर्वांत जास्त त्यालाच कळले होते, आणि मला विचाराल तर मला त्याचे हेच फार आवडते.

एक गोष्ट मात्र त्याच्या मनाला लागून राहिली होती. राखणीची पाळी त्याला कधीच मिळाली नाही. दर उन्हाळ्यात तो बगळ्याकडे जाऊन पाळी मागे. दर उन्हाळ्यात बगळा मान लववून म्हणे, “छे, छे, पाहुणे. तुम्हाला कशाला त्रास?” त्यात तिरस्कार नव्हता, उलट अगत्यच होते. सावलीतली चांगली जागा त्याला मिळे, पाणी प्यायला आधी त्यालाच बोलावत. पण त्या अगत्यातून पलीकडे जायला वाट नव्हती. उत्तरेतले त्याला तळ्यावरचा म्हणत, तळ्यावरचे त्याला उत्तरेतला म्हणत. उन्हाने करपलेल्या माळावर इतरांबरोबर उपाशी उभा असतानाही तो पाहुणाच होता. याचे त्याला दुःख होई, पण त्याने ते कधी बोलून दाखवले नाही.

मग एका वर्षी पावसाने पाठ फिरवली. तळे अर्धेच भरले आणि थवा परत जाण्याआधीच आटून गेले. थव्याने तळ्याचे ते रूप प्रथमच पाहिले. काही जण बावरले, काही वैतागले. आपण इतक्या लांबून आलो आणि हे काय, असेही कोणी म्हणाले. पण थव्याची अडचण खरी होती. पुढे बर्फाचे डोंगर ओलांडायचे होते आणि रिकाम्या पोटी ते ओलांडता येत नाहीत. अशात थोरल्याची नजर बाभळीखालच्या डबक्यावर गेली. आत मासे वळवळत होते. “चला,” तो म्हणाला, “एवढं खाऊ आणि निघू.”

थवा डबक्याच्या दिशेने निघाला. राखणीला टिटवी होती. ती जिवाच्या आकांताने ओरडली, पण एवढीशी टिटवी एवढ्या मोठ्या थव्याला काय अडवणार? तिचा आवाज ऐकून करकोचा माळावरून उडत आला आणि थेट डबक्याच्या मधोमध उतरला. पंख पसरून तो आपल्याच भावासमोर उभा राहिला.

थोरला म्हणाला, “बाजूला हो. पोरं उपाशी आहेत.”

“ठाऊक आहे, दादा. पण इथला एकही मासा मी खाऊ देणार नाही.”

“तू आमच्यातला की त्यांच्यातला?”

हाच भाऊ लहानपणी त्याला पंखाखाली घेऊन निजत असे. करकोचा म्हणाला, “दादा, मी तुझाच भाऊ आहे. पण आज हे खाल्लंत तर पुढच्या हिवाळ्यात याल ते रिकाम्या तळ्यावर. मग हे सगळे कुठे जातील? यांना जायला उत्तरेकडचा मुलूख नाही.” आणि थोडे थांबून म्हणाला, “पोरांचं पोट मी भरतो. माझ्या मागून या.”

थोरला रागावला होता, पण धाकट्या भावाला चोच मारून आत शिरावे, हे त्याच्याने झाले नाही. करकोचा म्हशीकडे गेला आणि त्याने तिला हात जोडावेत तशी मान लववली. दिवसभर चरून ती नुकतीच विसावली होती. तिने एक सुस्कारा सोडला, उठली आणि चालू लागली. माळापलीकडच्या शेतांत ज्वारीची काढणी झाली होती. म्हैस धसकटांतून पाय टाकत पुढे निघाली आणि आभाळात राजासारखे उडणारे ते सारे करकोचे मुकाट्याने तिच्या शेपटीमागे चालू लागले. मुलांनो, ते दृश्य पाहून टिटवीला हसू आवरेना. पण धसकटांत नाकतोडे होते, सरडे होते, उंदीर होते. कोणत्या बांधाला वळायचे, कुठे थांबायचे, हे करकोचा सांगत होता. काही दिवसांत थव्याची पोटे भरली आणि पंखांत जोर आला. थोरला भावाला म्हणाला, “इतकी वर्षं येतो, पण हे शेत मी पाहिलंच नव्हतं.”

ते परतले तेव्हा बगळा डबक्याच्या काठी उभा होता. थव्याला वाटले, आता हा म्हातारा आपल्या भावाचे उपकार मानणार, गोडगोड बोलणार. करकोच्यालाही तसेच वाटले आणि त्याने संकोचाने मान खाली घातली.

बगळा म्हणाला, “काय रे, अडवायचं तर काठावर उभं राहून अडवता येत नव्हतं? मधोमध उतरून सगळं पाणी गढूळ केलंस. मासे गुदमरले असते म्हणजे? इतके उन्हाळे काढलेस इथे, एवढं कळू नये?”

थोरल्याला संताप आला. ज्याने यांच्यासाठी सख्ख्या भावाशी वाकडे घेतले, त्याला असे बोलायचे? पण त्याने धाकट्याकडे पाहिले. धाकट्याचा चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांत त्या तळ्यावर त्याला कोणी एकदाही रागावले नव्हते. पाहुण्याला कोण रागावतो?

बगळा वळून जाता जाता म्हणाला, “उद्या सकाळची राखण तुझी. उशीर करू नकोस.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच थवा उडाला. वर जाता जाता थोरल्याने माळावर एक घिरटी घातली. खाली बाभळीजवळ, पाण्यापासून चांगला दूर, काठावर त्याचा भाऊ एका पायावर ताठ उभा होता. थोरल्याने वरून हाक मारून विचारले, “घरी काय सांगू?”

करकोच्याने क्षणभर मान वर केली. डोळे भरून भावाला पाहिले. इतक्यात बाभळीवर कावळा येऊन बसला, म्हणून त्याने नजर पुन्हा पाण्याकडे वळवली.

“सांग,” तो म्हणाला, “राखणीवर आहे.”

तात्पर्य : तळे भरल्यावर जो येतो तो पाहुणा. तळे आटल्यावर जो उपाशी राहून त्याचे बियाणे राखतो तो तिथला, मग त्याचे घरटे कुठल्याही मुलखातले असो.