तेवीस खड्डे

“बाबा, या नदीत सोनं आहे की नाही, एवढंच सांगा!”

डोमाबाबा सोन्याच्या कणांसाठी रेती धूत होते. लाकडी परातीत पाणी गरगर फिरत होतं.

“नदीले विचारून सांगतो,” ते म्हणाले.

विचारणारा निशिकांत. नागपूरला कारखान्यात सुपरवायझर. मोटारसायकल विकून यानं धातू शोधायचं यंत्र घेतलेलं. दांडीच्या टोकाला ताटाएवढी चकती. खाली धातू असला की कुईं करते.

रविवारी त्याच्या लेकीचं बारसं. आख्ख्या मोहल्ल्याला हा सांगून बसला होता, पोरीच्या बाळ्यांचं सोनं मी स्वतः शोधून आणीन. सोनाराकडून विकत आणलं, तर मिशी उतरवीन!

मिशी चांगली झुबकेदार होती. मी बाबांच्या हाताखाली रेती उपसणारा; मला तिची फार काळजी वाटे.

आज शुक्रवार. तीन दिवसांत तेवीस खड्डे झाले होते. हाती काय लागलं? शिंपले आणि घाम.

“दर खेपेला वाजतंय, बाबा. सगळ्या काठाला सोनंच सोनं आहे. फक्त खोल आहे.”

“अस्सं... तू जिथं उभा राहतो, तिथंच वाजते?”

“अगदी पायाशी!”

“भाग्याचा हायेस गा.”

मी चूळ भरत होतो. ती नाकातून बाहेर आली.

बाबांचा एकच नियम. रेतीत उतरताना पायतान काठावर काढायचं. मायच्या मांडीवर कोणी बूट घालून चढतं का? पहिल्या दिवशी हे ऐकून निशिकांत हसला होता. “बाबा, हे कारखान्यातले बूट आहेत. पुढं लोखंडी टोपी आहे. विंचवानं नांगी मारली तर नांगीच मोडेल!”

लोखंडी टोपी मी तेव्हाच ऐकली होती. बाबांनीही ऐकली होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि गप्प बसलो. गावात नाटक वर्षातून एकदा येतं; फुकटचं कोण बंद पाडेल?

निशिकांतनं चोविसाव्या खड्ड्यासाठी फावडं उचललं. तेव्हा मात्र बाबा उठले. ऐंशीचं वय. गुडघे टेकून खाली बसले... आणि त्याच्या बुटाची नाडी सोडू लागले.

“अहो बाबा! माझ्या पायाला हात? काय करता हे!”

बाबा दुसऱ्या नाडीकडे वळले.

निशिकांत ओशाळला. बूट ओढून काढले, काठावर फेकले. अनवाणी उभा राहून त्यानं यंत्र फिरवलं.

गप्प.

मागच्या खड्ड्यावर फिरवलं. त्याच्या मागच्या. पळत पळत तेवीसही खड्ड्यांवर.

गप्प...

बाबांनी यंत्र हातातून घेतलं आणि चकती बुटांजवळ नेली.

कुईंऽऽऽ!

निशिकांत मटकन रेतीत बसला. “म्हणजे तीन दिवस मी... माझेच बूट खणत होतो?”

“खोल होते,” बाबा म्हणाले.

मी हसून लोळलो. निशिकांत हसला नाही. मिशी थरथरली. “परवा बारसं आहे, बाबा. बायकोला काय तोंड दाखवू?”

बाबांनी लाकडी परात त्याच्या मांडीवर ठेवली.

“रेती कुठली घेऊ?”

“तेवीस ढीग कोणी घातले? म्या?”

तो दिवस आणि शनिवारची दुपार, निशिकांत गुडघाभर पाण्यात. पहिल्या पराती त्यानं सांडल्या. मग हात वळला. जड तेवढं तळाशी राहू द्यायचं, बाकीचं पाण्याला देऊन टाकायचं. शिव्या द्यायचा, मग तेही विसरला. एकदा तर गुणगुणताना सापडला.

शेवटच्या ढिगाची परात संपली. तळाच्या काळ्या रेतीत पिवळे कण चमकले. दोन दिवसांचे सगळे मिळून, बोटाला चिकटून राहिलेल्या हळदीएवढे.

निशिकांत परातीवर वाकला.

“बाबा... एवढ्यात काय होणार?”

बाबांनी परात उन्हाकडे कलती केली.

“पोरीचा कान केवढा हाय गा?”