बिनपानांचा खुंट

पूर्वी कुंडिन नगरात भद्रसेन राजाचं राज्य असताना बोधिसत्त्व एका ब्राह्मणाच्या घरी जन्मला, आणि वयात आल्यावर शालवनातल्या आश्रमात शिकायला गेला. त्याचं नाव सोमिल. डोकं तल्लख, पण स्वस्थता अजिबात नाही. मांडी घालून बसला तरी त्याचा गुडघा हलत राही.

आश्रमाच्या अंगणात एक जुना शालवृक्ष होता. आचार्य पिंगलाक्षांनी त्याच्या भोवतीची सगळी झाडं तोडायला लावली होती. ऊन-पाणी सगळं यालाच मिळेल, हा वाढेल, आणि लांबून येणारा म्हणेल, काय आश्रम आहे! शिष्यांच्या बाबतीतही त्यांचं तेच. मागे पडेल त्याला घालवायचं. म्हातारी माणसं याला शिस्त म्हणतात.

राजाला नवा पुरोहित हवा होता, आणि तो सोमिलच असणार हे जवळजवळ ठरलं होतं. मागे पडलेल्यांपैकी एकटा कोटिक उरला होता. कोटिक अनाथ. बोलताना अडखळे, एका श्लोकाला पंधरवडा घेई. पण सोमिल तापाने फणफणला तेव्हा उशाशी तोच बसून होता. आचार्य दारातूनच परत गेले होते.

एका सकाळी दोघे वनात कंद खणायला गेले. तिथे फार पूर्वी कोणी तोडलेला एक खुंट होता. ना फांदी, ना पान. सोमिलने सहज नखाने साल खरवडली. आत ओलं, हिरवं.

"हा जि-जिवंत आहे?" कोटिक म्हणाला. "पानं नाहीत, मग खातो काय?"

"तुझ्यासारखंच. शेजाऱ्याच्या वाटणीतलं."

दोघे हसले. सोमिलने कुदळ मारली, माती उकरली, आणि त्याचं हसू थांबलं. भोवतीच्या जुन्या झाडांची मुळं खुंटाच्या मुळांत शिरून एकजीव झाली होती. तीच त्याला जगवत होती. तो सावली देत नव्हता, बी देत नव्हता, कधी देणारही नव्हता.

परतले तर कोटिकचं गाठोडं दाराबाहेर ठेवलेलं.

"उद्या राजाची माणसं येताहेत," आचार्य म्हणाले. "त्यांच्यासमोर हा त त प प करणार? जा बाबा तू."

"कुठं जाईल तो?" सोमिलने विचारलं.

"ते मी का पाहू? तुझ्यासाठीच करतोय हे."

"माझं नाव पुढे करू नका, आचार्य. तुमच्या लाडक्या झाडाचा शेंडा वाळलाय. शेजारी कोणी तोडले त्याचे? मान वर करून बघवत नाही, आणि आम्हाला वेद शिकवता!"

"उद्धट कार्ट्या! पुरोहितपद सोडशील?"

"सोडलं."

त्याने गाठोडं उचललं.

"म-माझं आहे ते," कोटिक म्हणाला.

"ठाऊक आहे. चल."

वनापलीकडे त्यांनी झोपडी बांधली. आश्रमातून पूर्वी घालवलेले आणखी काही येऊन मिळाले. ज्याला जे येई ते तो दुसऱ्याला शिकवी. एक आजारी पडला की बाकीचे त्याचं काम वाटून घेत.

पुढच्या वैशाखात वादळ झालं. वनात फांद्या मोडल्या, पण मुळासकट पडलं ते आचार्यांचं झाड, आणि तेही आश्रमावर. आचार्यांचे दोन्ही पाय चिरडले. उरलेसुरले हुशार शिष्य दुसरा गुरू शोधायला पांगले.

बातमी आली तेव्हा झोपडीत सगळे हसले. सोमिलही हसला. मग उठून येरझाऱ्या घालू लागला. "मरू दे म्हाताऱ्याला," तो म्हणाला. दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. कोटिक चुलीशी पेज ढवळत होता.

"तुला हाकललं त्याने. तूच सांग, काय करायचं?"

"खुं-खुंटाने त्या झाडांचं काय भलं केलं होतं?" कोटिक म्हणाला, आणि पेज मडक्यात ओतू लागला.

आचार्य मोडक्या छपराखाली एकटेच पडले होते. सोमिलला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. "का आलास?"

"माफ केलं म्हणून नाही. तोंड उघडा."

त्याने पेज भरवली. मग सगळ्यांनी मिळून त्यांना झोपडीत उचलून आणलं. आचार्य पुन्हा कधी चालले नाहीत, कोणाच्या कामाला आले नाहीत, कुरकुर मात्र पुष्कळ केली. पण त्यांच्या वाट्याची पेज कोणी कमी केली नाही.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, आजारी भिक्षूला विहाराबाहेर काढा, असं आज सकाळी म्हणणारे आपले ज्येष्ठ स्थविर, ते तेव्हा आचार्य होते. तो आजारी भिक्षू कोटिक होता. आणि येरझाऱ्या घालणारा सोमिल मी होतो. राग विझायची वाट न पाहता त्याने पेज नेली. मैत्री म्हणतात ती हीच."