लाव्याचा दाणा आणि काळं गोणपाट

हौसाकाकूचा पिंजरा होता उंच. किती उंच? ढग आत येऊन अडकायचे, एवढा उंच! खोटं वाटतं? मग मान वर करून बघा!

त्यात अगदी तळाला, मातीवर राहायचा लावा पक्षी. इवलासा. गोल गोल. बाप्या लावा! दोन बाप्ये एकत्र ठेवले, की लगेच मारामारी. म्हणून हा एकटाच. आणि ओरडायचा किती! पी-पिटिक! पी-पिटिक!

सगळे पक्षी म्हणायचे, “गप रे लाव्या!”

मग लावा गप. अगदी गप.

एकदा काय झालं, सकाळ झाली, पण उजाडलंच नाही. रात्रीचं गोणपाट पिंजऱ्यावर तसंच. आत काळोख. लाव्याकडे बाजरीचा एकच दाणा. तोही गेला गडगड गडगड, कोंबडीच्या खाली.

लाव्याच्या पोटात गुरगुर. लावा गेला तुरु तुरु.

“कोंबडीमावशी, ऊठ ना. कोंबडी उठेना, माझा दाणा मिळेना!”

“कशी उठू? पारवा बसलाय माझ्या दांडीवर. तो हलेल, तर मी उठेन. आणि हळू बोल!”

लावा गेला तुरु तुरु. मान केली वर.

“पारवाकाका, हला ना. पारवा हलेना, कोंबडी उठेना, माझा दाणा मिळेना!”

“कसा हलू? पोपट शिरलाय माझ्या खोक्यात. तो निघेल, तर मी हलेन. आणि हळू बोल!”

लावा गेला तुरु तुरु. मान केली वर.

“पोपटदादा, नीघ ना. पोपट निघेना, पारवा हलेना, कोंबडी उठेना, माझा दाणा मिळेना!”

“कसा निघू? मुनिया बसलीय माझ्या झोक्यावर. ती उतरेल, तर मी निघेन. आणि हळू बोल!”

लावा गेला तुरु तुरु. मान केली आणखी वर.

“मुनियाताई, उतर ना. मुनिया उतरेना, पोपट निघेना, पारवा हलेना, कोंबडी उठेना, माझा दाणा मिळेना!”

“कशी उतरू? काळोखात पडेन ना मी! काकू गोणपाट काढेल, तर मी उतरेन. आणि हळू बोल!”

लावा गेला तुरु तुरु, जाळीपाशी. गोणपाटाला होतं एक भोक. त्यातून दिसली हौसाकाकू. डोक्यावरून गोधडी घेऊन निजलेली.

“हौसाकाकू, ऊठ ना. काकू उठेना, मुनिया उतरेना, पोपट निघेना, पारवा हलेना, कोंबडी उठेना, माझा दाणा मिळेना!”

गोधडी हलली. मुसुमुसु आवाज आला.

“कशी उठू रे बाळा? माझी लेक रेवू गेली लांब शिकायला. रोज तीच मला हाक मारायची. आता कोण मारणार? कोणी हाक मारेल, तर मी उठेन.”

‘हळू बोल’ काही काकू म्हणाली नाही.

लाव्यानं गळा फुगवला. एवढा फुगवला, की लावा दिसेना, नुसता गळाच दिसायला लागला!

पी-पिटिक! पी-पिटिक! पी-पिटिक!

काकू उठली धडपडत. गोणपाट निघालं सर्रकन. मुनिया उतरली भुर्र. पोपट निघाला फडफड. पारवा हलला घुटर्र. कोंबडी उठली कॉक कॉक.

आणि दाणा? तिथेच होता. ऊन ऊन! लाव्यानं खाल्ला. टिच्!

काकूनं मूठभर बाजरी खाली मातीवर टाकली. खास लाव्यासाठी.

रेवूची खाट अजून रिकामीच आहे. पण रोज सकाळी लावा हाक मारतो.

पक्षी म्हणतात, “हळू बोल!”

काकू म्हणते, “मोठ्यानं रे, बाप्या!”

आणि पिंजऱ्यात वर अडकलेला ढग? तो दचकून जो पळाला, तो अजून पळतोच आहे!